दिवाळीच्या भट्टीवर मैद्याऐवजी कणीक आणि ज्वारी नेऊ या

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आपल्या वृत्तपत्रात दिवाळीच्या फराळाची पाने सुरू होतात आणि आमच्या गावातील अनेक घरांत ती कात्रणे करून डब्याच्या झाकणात किंवा देव्हाऱ्यामागे जपून ठेवली जातात. मीही तशी कात्रणे गेली कित्येक वर्षे ठेवत आले आहे. त्या पानांवर नानकटाईची किंवा बिस्किटांची कृती येते, तेव्हा तिचा पहिला शब्द जवळजवळ नेहमी ‘मैदा’ हाच असतो. अनारशाला तांदूळ लागतो, चकलीला भाजणी लागते, लाडवाला बेसन किंवा रवा लागतो. बिस्किटाला मैदाच लागतो, असे मात्र नाही. घरची कणीक आणि ज्वारीचे पीठ यांची बिस्किटे उत्तम होतात आणि ती आमच्या खेड्यांतील भट्टीवरही करता येतात, हे मी स्वतः चार दिवाळ्या करून पाहिल्यानंतर हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे दिवाळीची बिस्किटे कशी होतात, हे शहरातील वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. मी दर्यापूर तालुक्यातील एका लहान गावात राहते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघून गेलेले असते आणि कापसाची वेचणी ऐन भरात असते, त्यामुळे सकाळी वावरात गेलेल्या बायका दिवस मावळताना परततात. घरोघरी ओव्हन नाहीत, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना विजेचा भरवसा नाही. म्हणून दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी चार-पाच घरच्या बायका मिळून तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी बेकरीच्या भट्टीवर नंबर लावतात. पीठ, पिठीसाखर, तूप आणि वेलची घरून न्यायची, भट्टीवरच्या परातीत मळायचे, पत्र्यावर गोळे मांडून द्यायचे आणि किलोमागे ठरलेली मजुरी देऊन बिस्किटांनी भरलेले डबे घेऊन यायचे, अशी ही रीत आहे. एका घराची तीन ते पाच किलोंची बिस्किटे सहज होतात. चकल्या आणि करंज्या भाऊबीजेपर्यंत संपतात, पण बिस्किटांचा डबा कार्तिकी पौर्णिमेच्याही पुढे जातो. सकाळच्या चहाबरोबर घरातील म्हातारी माणसे तीच खातात आणि लेकरांच्या शाळेच्या डब्यातही तीच जातात. एका दिवसाच्या गोडाधोडाविषयी मी पत्र लिहिले नसते. महिनाभर रोज पोटात जाणारी ही वस्तू आहे, म्हणून तिच्यात कोणते पीठ आहे याला महत्त्व आहे.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा दाण्याच्या वजनाच्या सुमारे १४ टक्के असतो, टोकाशी असलेला अंकुर अडीच-तीन टक्के असतो आणि उरलेला सुमारे ८३ टक्के भाग पिठूळ गाभ्याचा असतो. मैदा हा केवळ त्या गाभ्याचा असतो. गिरणीवर दळून आणलेल्या कणकेत तिन्ही भाग राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत १०० ग्रॅम कणकेत ११ ग्रॅमहून अधिक तंतुमय पदार्थ दाखवले आहेत, तर तेवढ्याच मैद्यात ते पावणेतीन ग्रॅमच आहेत. ज्वारीत ते सुमारे १० ग्रॅम आहेत. लोहाचेही तसेच आहे. कणकेत आणि ज्वारीत ते १०० ग्रॅममागे चार मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि मैद्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. प्रथिनांत मात्र कणीक आणि मैदा यांत फारसा फरक नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण पौष्टिकतेच्या नावाखाली वाटेल ते सांगण्याची सवय अलीकडे फार वाढली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ जायला हवेत. ज्या घरातून ज्वारीची भाकर गेली आणि तिच्या जागी दोन्ही वेळा भात व सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किटे आली, त्या घरात एवढे तंतू येणार कोठून, हा प्रश्न अंगणवाडीत काम करत असताना मला सतत पडत असे.

कणकेचे भाजलेले पदार्थ बेचव किंवा चिवट होतात, असा एक समज आहे. विदर्भातील माणसाने तरी तो बाळगू नये. आपण पिढ्यान्‌पिढ्या रोडगे खात आलो आहोत. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून गोळे करायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर व वरणाबरोबर खायचे, हे जेवण शेकडो माणसांच्या पंगतीला मारुतीच्या पारावर होते आणि त्यात चिमूटभरही मैदा नसतो. पूर्वी आमच्या खारपाणपट्ट्यात कोरडवाहू बन्सी गहू पेरला जात असे. त्याच्या रोडग्यांच्या चवीची आठवण माझ्या सासूबाई शेवटपर्यंत काढत असत. अख्ख्या धान्याचे पीठ विस्तवावर कसे भाजावे, हे ज्ञान आपल्याकडे बाहेरून यायचे नाही. ते घरातच आहे, आणि बिस्किटाला ते लावून पाहणे एवढेच बाकी आहे.

अर्थात मैदा काढून त्याच मापाने कणीक घातली की काम झाले, असे होत नाही. पहिल्या वर्षी मी नेमके तेच केले. दोन किलो कणीक नेली, नेहमीसारखी मळली, गोळा कोरडा वाटला म्हणून वरून पाणी घातले आणि लगेच बिस्किटे मांडून दिली. ती इतकी कडक झाली की घरातील म्हाताऱ्या माणसांना चहात बुडवूनही चावली नाहीत आणि दोन किलोंचे तूप-साखर वाया गेल्याचे दुःख मला पुढची दिवाळी येईपर्यंत होते. कारण पुढे समजले. गव्हाच्या पिठाला पाणी लागून ते मळले गेले की त्यातील ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, जाळे तयार होते; पोळीला ते हवे असते, बिस्किटाला नको असते. नानकटाईत आधी तूप आणि साखर फेसून त्यात पीठ मिसळतात ते एवढ्यासाठीच, कारण पिठाच्या कणांवर तुपाचा लेप बसला की ते जाळे तयार होत नाही आणि बिस्किट खुसखुशीत राहते. याचा दुसरा अर्थ असा की पावाला ज्या चिवटपणाची गरज असते त्याची नानकटाईला गरजच नाही, आणि म्हणून कोंड्यासकट पीठ पावापेक्षा नानकटाईत फार सहज सामावते.

दुसरी गोष्ट कोंड्याची. कोंडा ओलावा शोषतो, पण सावकाश शोषतो. मळल्याबरोबर गोळा ठीक वाटतो आणि अर्ध्या तासाने कोरडा पडून त्याला भेगा जातात. म्हणून कणकेचे मिश्रण थोडे सैलच ठेवावे, किलोमागे साधारण पाऊण वाटी दूध चमच्या-चमच्याने घालावे आणि ओल्या कापडाखाली अर्धा तास झाकून ठेवल्यावरच गोळे वळावेत. आश्विनातला उकाडा आपल्याकडे कडक असतो. दुपारी तूप पातळ होते आणि तशा तुपातली बिस्किटे पत्र्यावर पसरतात. तूप रवाळ, थिजलेले असतानाच फेसावे, आणि भट्टीवर नंबर दुपारचा असेल तर मळलेला गोळा माठाशेजारी ठेवावा. पीठ गिरणीवरून बारीक दळून आणावे. रोडग्यांचे जाडसर पीठ इथे चालत नाही, ते दाताखाली कचकचते. ते चाळले तर मोठ्या छिद्रांच्या चाळणीने चाळावे, कारण बारीक चाळणीने चाळून कोंडा गाईपुढे टाकला की आपण घरच्या घरी पुन्हा मैद्याकडेच जातो. आणि पीठ ताजे हवे. अंकुरात तेल असते, त्यामुळे कोंड्या-अंकुरासकट दळलेले पीठ मैद्याइतके टिकत नाही. महिनाभर डब्यात राहिलेल्या पिठाची बिस्किटे किंचित कडवट लागतात आणि मग दोष कणकेला दिला जातो.

ज्वारी का मिसळावी, हेही सांगते. ज्वारीत ग्लुटेन नसते. केवळ ज्वारीची बिस्किटे त्यामुळे हातात घेताच भुगा होतात, पण कणकेत पाचवा हिस्सा ज्वारी घातली तर तोच गुण उपयोगी पडून बिस्किट अधिक ठिसूळ होते. ज्वारीचे पीठ कढईत मंद आचेवर, रंग न बदलता, खमंग वास येईपर्यंत भाजून घेतले तर कच्चट चव राहत नाही. ज्यांना डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलेला आहे, त्यांनी मात्र भट्टीवरची कोणतीही बिस्किटे ज्वारीची म्हणून खाऊ नयेत. तिथल्या पराती, पत्रे आणि हात सगळे गव्हाच्या पिठाचेच असतात.

आता प्रमाण देते, कारण प्रमाणावाचून ही चर्चा व्यर्थ आहे. बारीक दळलेली कणीक ६०० ग्रॅम, भाजलेले ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम आणि बारीक रवा १०० ग्रॅम मिळून एक किलो पीठ होते. त्याला तूप ५०० ग्रॅम, पिठीसाखर ४०० ग्रॅम, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ आणि वेलची-जायफळ. आमच्याकडे भट्टीवर पूर्वीपासून चालत आलेले माप एक किलो मैद्याला पाऊण किलो साखर आणि पाऊण किलो वनस्पती तूप असे होते. साखर एकदम कमी केली तर घरातील माणसे बिस्किटाला हात लावत नाहीत, हा अनुभव घेऊन मी पहिल्या वर्षी ६०० ग्रॅम, मग ५०० आणि मग ४०० अशी उतरत आले. तिसऱ्या वर्षी कोणी साखरेविषयी विचारलेही नाही. मीठ चिमूटभर असले आणि वेलची ताजी कुटलेली असली की कमी साखर खटकत नाही.

या दोन मापांचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. पंचवीस ग्रॅमच्या एका गोळ्यात जुन्या मापाने साडेसात ग्रॅम साखर जात होती, नव्या मापाने ती पाच ग्रॅम जाते. जुन्या बिस्किटात तंतुमय पदार्थ पाव ग्रॅमच्या आसपास होते, नव्यात ते सव्वा ग्रॅमच्या घरात आहेत. उष्मांक मात्र १३० वरून १२० वर येतात, म्हणजे फारसे उतरत नाहीत. ही बाब मी मुद्दाम लिहीत आहे. बिस्किट कणकेचे आहे म्हणून चारच्या जागी आठ खाल्ले तर लाभ कसलाच नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेला देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे म्हटले आहे. आमच्या गावातही ‘शुगर आहे’ असे सांगणारे आता प्रत्येक गल्लीत भेटतात. अशा माणसापुढे ‘हे कणकेचे आहे, याने काही होत नाही’ असे म्हणून बशी सरकवणे चुकीचे आहे. त्याच्यासाठीही बिस्किटात साखर आहे, तूप आहे आणि पीठही आहे.

गुळाविषयीही असाच गैरसमज दिसतो. गूळ घातला की पदार्थ औषधी झाला, असे मानले जाते. १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि ती जवळजवळ सगळी साखरच असते. गुळाचा स्वाद कणकेला आणि ज्वारीला साखरेपेक्षा जास्त शोभतो, हे खरे आहे आणि मी स्वतः निम्मी बिस्किटे गुळाचीच करते, पण ती चवीसाठी. गूळ किसून किंवा पावडर करून घ्यावा, खडे राहू देऊ नयेत. खडा विरघळून पत्र्याला चिकटतो आणि तिथे बिस्किट जळते. गुळाची बिस्किटे लवकर लाल होतात आणि हवेतला ओलावा धरून दोन-चार दिवसांत मऊ पडतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवावी लागतात.

तुपाचा प्रश्न पिठापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. वनस्पती तूप तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केले जाते आणि ती प्रक्रिया अर्धवट झाली की त्यात ट्रान्स फॅट तयार होतात, जे हृदयविकाराचा धोका वाढवतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल आणि तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली आहे, ही चांगली गोष्ट झाली. परंतु बाजाराच्या दिवशी सुट्या विकल्या जाणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या घट्ट तुपाविषयी कोण काय सांगणार? माझे म्हणणे असे की वर्षातून एकदा होणाऱ्या बिस्किटांसाठी घरच्या दुधावरच्या सायीचे तूप दोन महिने आधीपासून साठवावे. ज्यांच्याकडे दुभते जनावर नाही, त्यांना किलोमागे अर्धा किलो साजूक तूप परवडत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी निम्मे साजूक तूप आणि निम्मे शेंगदाण्याचे तेल घेतले तरी बिस्किट होते. ते जरा कमी फुलते आणि त्याची कड कुरकुरीत होते, पण चवीला वाईट लागत नाही. साजूक तुपातही संपृक्त चरबी भरपूर असते, तेव्हा तूप घरचे आहे म्हणून हात सैल सोडू नये.

जवसाची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जवस हे विदर्भाचे जुने पीक आहे. आपल्या जेवणात त्याची चटणी असते, पूर्वी तेलही असे. त्यात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले मोठ्या प्रमाणात असतात. किलोमागे ५० ग्रॅम जवस भाजून, त्याच दिवशी कुटून पिठात घातला तर बिस्किटाला एक खमंग, किंचित तेलकट स्वाद येतो, जो दुकानातील कोणत्याही बिस्किटाला नाही. जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून ही बिस्किटे पंधरा दिवसांत संपवावीत.

पुष्कळ वाचक म्हणतील की एवढी खटपट कशाला, आता दुकानात ‘आटा’ आणि ‘मल्टीग्रेन’ लिहिलेली बिस्किटे मिळतातच. ती घेण्यापूर्वी पुडा उलटा करून पाहावा. नियमाप्रमाणे घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त असते ते सर्वांत आधी. पुढच्या बाजूला गव्हाच्या लोंब्यांचे चित्र असलेल्या पुड्याच्या मागे पहिले नाव मैद्याचे आणि त्यामागोमाग साखरेचे निघाले, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. मल्टीग्रेन या शब्दाचा अर्थ एकाहून अधिक धान्ये एवढाच होतो. ती अख्खी आहेत की नाहीत आणि किती आहेत, हे त्या शब्दावरून कळत नाही. तपकिरी रंगावरूनही काही ठरवू नये, कारण तो रंग कॅरॅमलनेही येतो. छपाई बारीक आणि बहुधा इंग्रजीत असते, म्हणून हे काम घरातील शाळकरी मुलांना सांगावे. त्यांना ते आवडते.

भट्टीवाल्यांची बाजू मी समजू शकते. त्यांच्या भट्टीत आधी पाव निघतो आणि आच उतरली की मग बिस्किटांचे पत्रे जातात. मैद्याची बिस्किटे झाली की नाही, हे ते रंगावरून ओळखतात. कणकेचा गोळा मुळातच तपकिरी असतो, गुळाचा तर आणखी गडद, त्यामुळे सवयीप्रमाणे वरचा रंग पाहून ते पत्रा लवकर ओढतात आणि बिस्किट आतून कच्चे राहते. नाहीतर खात्री नसल्याने जास्त वेळ ठेवतात आणि तळ जळतो. दुसऱ्या वर्षी माझ्या एका पत्र्याचे असेच झाले. यावर उपाय साधा आहे. आधी पाच-सहा बिस्किटांचा एक लहान पत्रा घालून पाहावा, वेळ घड्याळावर मोजावी आणि बिस्किट उलटून त्याचा तळ बघावा. तळ सारखा बदामी झाला आणि कडा बोटाने दाबल्यावर घट्ट लागल्या की पत्रा काढावा. बिस्किट गरम असताना मऊच लागते, गार झाल्यावर ते खुटखुटीत होते. तिसऱ्या वर्षापासून आमचा भट्टीवाला स्वतःहून कणकेचे पत्रे शेवटी, आच आणखी उतरल्यावर घेऊ लागला आणि तेव्हापासून एकही घाणा बिघडला नाही. भट्टीवाल्यांना माझी विनंती आहे की कणीक घेऊन आलेल्या बाईला ‘हे होत नाही’ म्हणून परत पाठवू नये. चार घरे मिळून आली तर त्यांच्यासाठी शेवटचा एक घाणा राखून ठेवावा.

ज्यांना भट्टीपर्यंत जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी जाड बुडाची कढई पुरे. तळाशी दोन वाट्या जाड मीठ किंवा स्वच्छ धुऊन वाळवलेली वाळू पसरावी, त्यावर रिंग ठेवावी, झाकण लावून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावी आणि मग तूप लावलेल्या ताटलीत सात-आठ गोळे अंतर ठेवून आत ठेवावेत. मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटांत ती होतात. एकावेळी थोडीच होतात, त्यामुळे पाच किलोंचे काम कढईवर करू नये. पण अर्धा किलो पिठाचा नमुना भट्टीवर जाण्यापूर्वी घरी करून पाहायला ही पद्धत फार चांगली आहे. पहिल्या वर्षी मी हे केले असते, तर दोन किलो सामान वाया गेले नसते.

ज्वारीच्या धान्याविषयी एक सावधगिरी सांगते. आपल्याकडची खरिपाची ज्वारी परतीच्या पावसात सापडली की कणसातच काळी पडते. तो बुरशीचा परिणाम असतो. अशी ज्वारी बिस्किटात किंवा भाकरीत दळून घालू नये. स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पांढरी, टणक, वास नसलेली ज्वारीच दळावी. चांगली ज्वारी आता गावातच विकत घ्यावी लागते, हे लिहिताना वाईट वाटते. माझ्या माहेरी बळदात ज्वारी असे. आज त्याच वावरात सोयाबीन आणि कापूस आहे आणि वन्य प्राण्यांच्या त्रासामुळे ज्वारी पेरायला कोणी धजत नाही. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि त्या वर्षी आमच्या तालुक्यातही पाककृतींची प्रदर्शने झाली, ज्वारीचे केक मांडले गेले. पुढच्या दिवाळीत भट्टीवर मी पाहिले, तेव्हा प्रत्येक परातीत मैदाच होता. जी वस्तू लोक नेहमी करतात तिच्यातच ज्वारी घातली, तर तिला वर्षानुवर्षे गिऱ्हाईक राहील; एका घराने दिवाळीत एक किलो ज्वारी दळली तरी गावाचा हिशेब दोन-अडीच क्विंटलवर सहज जातो.

महिला बचत गटांनी हे काम हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत लहान उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते आणि गटातील सदस्यांना प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. पापड आणि मसाल्यांचे गट पुष्कळ झाले. कणीक-ज्वारीची बिस्किटे करणारी एक लहान भट्टी दहा गावांच्या मध्ये उभी राहिली, तर दिवाळीच काय, अंगणवाडीतील आणि शाळेतील लेकरांच्या खाऊचाही प्रश्न सुटू शकतो. त्यासाठी अर्ज भरून देणारे आणि बँकेत पाठपुरावा करणारे कोणी हवे. गटातील बायका तिथेच अडतात.

आपल्याकडे माझी मागणी फार मोठी नाही. यंदाच्या फराळाच्या पानावर बिस्किटांची निदान एक कृती कणकेची आणि एक ज्वारी मिसळलेली द्यावी. प्रमाण वाट्यांत न देता ग्रॅममध्ये द्यावे, कारण भट्टीवर सगळे तराजूवर चालते आणि प्रत्येक घरची वाटी वेगळी असते. पीठ किती वेळ झाकून ठेवायचे, दूध किती घालायचे आणि तळाचा रंग कसा पाहायचा, हे त्यात स्पष्ट लिहावे, कारण बायका एकदा बिघडलेला पदार्थ पुन्हा करत नाहीत आणि मग पुढची दहा वर्षे ‘कणकेची बिस्किटे होत नाहीत’ हेच गावात सांगितले जाते. आणि ही कृती वसुबारसेच्या दिवशी न छापता त्याच्या किमान पंधरा दिवस आधी छापावी. वसुबारसेला आमच्या भट्टीवरचे नंबर संपलेले असतात आणि घरोघरी सामान आधीच भरलेले असते.

आमच्या गावातील सहा घरांनी या वर्षी कणीक आणि ज्वारी नेण्याचे ठरवले आहे. मागच्या वर्षी आम्ही दोनच होतो. गहू निवडून झाला आहे, ज्वारी पुढच्या सोमवारी दळायची आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती